दोघांची एक खोली: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून खोलीचं काम हातात घेतलं. खोली एक, मालक दोन. थोरली सव्वाचार वर्षांची, धाकटा १९ महिन्यांचा. झोपणं, खेळणं, कपडे, पुस्तकं, रुसवे, सगळं इथेच. धाकटा रांगत होता तोवर सतरंजीचा एक कोपरा त्याला पुरायचा. आता तो चालतो, ओढतो, चढतो आणि थोरलीने जे काही मांडलं असेल तिथे बरोबर पोचतो.

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची, बाहेरून घरी आल्यापासून जेवणापर्यंतची. ती काहीतरी रचते, तो येऊन पाडतो, ती किंचाळते, तो रडतो, आणि आमच्यापैकी जो जवळ असेल तो म्हणतो, "जाऊ दे गं, लहान आहे तो. तू मोठी आहेस ना?" हे वाक्य मला या घरातून घालवायचं आहे. सव्वाचार वर्षांच्या मुलीने दिवसभर मोठं असावं ही अपेक्षा फार जड आहे. ती मोठी आहे ती फक्त त्याच्या मानाने.

म्हणून उद्दिष्ट असं लिहून ठेवते: जे काम आज आमच्या ओरडण्यावर चाललं आहे, ते जमेल तितकं खोलीच्या रचनेने करावं. थोरलीचं काम धाकट्याच्या हातांपासून वाचलं पाहिजे. धाकट्याचं तोंड थोरलीच्या बारीक वस्तूंपासून वाचलं पाहिजे. आणि दोघांपैकी कुणालाही खोलीबाहेर काढावं लागू नये.

८ जानेवारी

सामान हलवण्याआधी नुसतं बसून बघायचं ठरवलं होतं. संध्याकाळी वही घेऊन दाराशी बसले, नवऱ्याने स्वयंपाकघर सांभाळलं.

एक गोष्ट इतक्या स्पष्टपणे आधी दिसली नव्हती. धाकट्याला ठोकळा नको असतो, थोरलीच्या हातातला ठोकळा हवा असतो. अगदी तसाच, त्याच रंगाचा दुसरा त्याच्या पायाशी पडलेला असतो, त्याच्याकडे तो बघतही नाही. ती वस्तू खाली ठेवून दुसरी उचलते, तशी त्याची नजरही दुसरीवर जाते. तिच्या हातात गेली की वस्तूत जीव येतो, असंच त्याला वाटत असावं.

मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने १९३२ साली लहान मुलांच्या एकत्र खेळण्याचे टप्पे मांडले: एकट्याने खेळणं, नुसतं बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, देवघेव करत खेळणं आणि शेवटी ठरवून एकत्र खेळणं. हे टप्पे एकामागोमाग नेमाने येत नाहीत, मागेपुढे होतात. तरी आमच्या घरचा पेच त्यात दिसतो. तिला खेळ ठरवायचा असतो, भूमिका वाटायच्या असतात: "तू डॉक्टर, मी आई." तो अजून बघण्याच्या आणि शेजारी बसण्याच्या वयात आहे. मनोरा तिच्या लेखी घर असतं. त्याच्या लेखी तो हात लावला की धाडकन आवाज करणारी वस्तू असते. तो काही उद्ध्वस्त करत नाही, हात लावल्यावर काय होतं ते तपासत असतो. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणून न्यायनिवाडा करत बसण्यात अर्थ नाही. जागा बदलायला हवी.

११ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस बारीक वस्तूंवर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षा मानकांमध्ये एक ठरावीक नळकांडं वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिमी, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी. वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावली, तर ती लहान मुलाच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकू शकते असं धरतात. घरी आम्ही टिश्यूच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घेतली. ती थोडी रुंद असते, त्यामुळे चाचणी आणखी कडक होते. ते बरंच आहे.

थोरलीला तपासनीस केलं. खोलीतली प्रत्येक सुटी वस्तू नळीत टाकून बघायची. आरपार गेली तर वरच्या डब्यात, अडकली तर खालच्या टोपलीत. तिने हे काम इतक्या गांभीर्याने केलं की दुपारचं पुस्तकही मागितलं नाही. मणी, बाहुलीचे बूट, पेनांची टोपणं, खेळण्यातल्या गाडीचं सुटलेलं चाक, कोड्याचे लहान तुकडे. मध्येच थांबून म्हणाली, "आई, बाहुलीचं डोकं पण जातंय यातून." बाहुली वरच्या डब्यात गेली. तिला वाईट वाटलं, पण निर्णय तिचाच होता. या वयात नियम नुसता सांगितला तर मुलं हुज्जत घालतात, नियमाची राखण करायला दिली तर तो जिवापाड पाळतात.

दोन गोष्टी तिच्या हाती न देता आम्ही स्वतः बघितल्या.

पहिली, बटण सेल. विशेषतः २० मिमी व्यासाचे लिथियमचे. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या पेशींमधून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजू शकतं. त्यासाठी सेल फुटून गळण्याचीही गरज नसते. उपकरण चालवायला निकामी झालेला सेलसुद्धा हे करू शकतो. त्यामुळे "संपलेला आहे, असू दे तिथेच" हे घरात बंद. रिमोट, बोलणारं पुस्तक, दिवा लागणारा भोवरा, वजनकाटा अशा प्रत्येक वस्तूचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते पाहिलं. ज्यांचं नुसतं सरकतं होतं त्या खोलीतून कायमच्या बाहेर. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघायची नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. हे वाक्य लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं, म्हणजे मुलांना सांभाळायला जो कुणी घरी असेल त्याच्या डोळ्यांसमोर राहील.

दुसरी, सुटे जोरदार चुंबक. एकाहून जास्त चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांमधून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटली जाते आणि तिला भोक पडू शकतं. फ्रिजवरची शोभेची दोन फुलपाखरं आज गेली.

१४ जानेवारी

कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला पक्की केली. नवऱ्याने ड्रिल मारलं, प्लग बसवले, वरच्या बाजूला दोन-दोन पट्ट्या. धाकटा खणांचे कप्पे ओढून त्यावर पाय ठेवतो. दोन-तीन कप्पे एकदम उघडे राहिले की सगळा भार पुढे येतो आणि त्याच्या वजनानेही कपाट कलंडू शकतं. जड सामान तळाला घेतलं. मुलांना हवंहवंसं वाटेल असं काही कपाटाच्या माथ्यावर ठेवायचं नाही हेही ठरलं, कारण चढायला कारण मिळतं ते तिथूनच.

पडद्याच्या दोरीचा फास कापून दोरी वर गुंडाळली.

१८ जानेवारी

थोरलीच्या कामाची जागा कुठे करायची यावर तीन दिवस चर्चा चालली आहे.

पहिला विचार उंचीचा होता. तिचं टेबल इतकं उंच करावं की त्याचा हात पोचणार नाही. मोजलं. टाचा उंचावून हात वर केला की तो जवळजवळ एक मीटरपर्यंत जातो, आणि स्टूल ओढत आणायची कला त्याला आली आहे. तिला पाय टेकवून नीट बसता यावं असं टेबल साधारण ५० सेंमी उंच लागतं. म्हणजे जे तिला सोयीचं ते त्यालाही सोयीचं. शिवाय ती बरंचसं काम जमिनीवर पालथं पडून करते. उंचीचा मार्ग सोडला.

मग नवऱ्याच्या डोक्यात आलं: धाकट्यासाठी आणलेलं लाकडी कुंपण पडूनच आहे, तो आता त्यात दोन मिनिटंही राहत नाही. त्यात थोरलीनेच बसावं. कुंपणाची दोन टोकं खिडकीच्या कोपऱ्यातल्या भिंतींना टेकवली की आत बऱ्यापैकी मोठी जागा होते. दाराची कडी वरच्या बाजूला आहे, तिला उघडता येते, त्याला नाही. ज्याला आवरायचं त्याला कोंडण्याऐवजी जिला शांतता हवी तिने आत जावं.

गजांमधून त्याचा हात आत जातो, तेव्हा गजांपासून ४५ सेंमीवर जमिनीला रंगीत चिकटपट्टी लावली. पट्टीच्या आत मांडलेलं सुरक्षित.

तिने जागेला लगेच नाव दिलं: "माझं ऑफिस."

२२ जानेवारी

ऑफिसचा पहिला आठवडा संपत आला. थोरलीसाठी निकाल उत्तम. तिचा कागदी गावाचा पसारा काल रात्री जसा होता तसाच आज सकाळी सापडला, हे तिच्या आयुष्यात बऱ्याच महिन्यांनी घडलं. ती आत जास्त वेळ टिकते, कमी ओरडते. बारीक मणी पुन्हा वापरता येतात. डबा कडी लावल्यावर उघडायचा, बाहेर येण्याआधी बंद करायचा.

धाकट्यासाठी निकाल वाईट. तो गजांना धरून उभा राहतो आणि रडतो. त्याला बाहेर तसेच ठोकळे दिले, त्याने ते भिरकावले. त्याला मी उचलून दुसऱ्या खोलीत नेलं की तो दाराकडे हात करून "ताई, ताई" म्हणतो. थोडा वेळ बघितल्यावर लक्षात आलं, त्याला वस्तू मिळत नाही म्हणून हे रडणं नाही. ताईजवळ जाता येत नाही म्हणून आहे. ८ तारखेला जे दिसलं होतं त्याचाच हा पुढचा भाग. तिच्या हातातला ठोकळा ओढणं हीच त्याला आतापर्यंत ठाऊक असलेली तिच्याजवळ जायची वाट होती, आणि कुंपणाने ती बंद झाली.

दुसरी वाट उघडून द्यावी लागणार.

२५ जानेवारी

कुंपणाला बाहेरून चिकटून धाकट्याची बसकी चौकी मांडली. तो चौकीपाशी बसला की गजांच्या पलीकडे थोरली समोरासमोर. आता प्रश्न उरला त्याला काम काय द्यायचं.

या वयाच्या मुलाला तयार वस्तूपेक्षा क्रियेत रस असतो. भरणं आणि रिकामं करणं. फटीतून आत टाकणं. झाकण लावणं, काढणं. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणं. बाजारातलं काही लागलं नाही. मोठ्या डब्याच्या झाकणाला लांबट फट पाडली, जाड पुठ्ठ्याच्या तळहाताएवढ्या चकत्या कापल्या (नळीच्या चाचणीत पास), झालं. चकती आत पडल्याचा आवाज आला की तो ताईकडे बघतो. ती वर न बघताच म्हणते, "शाब्बास, अजून एक." तो पुढची टाकतो.

त्याच्या चालण्याचाही विचार करावा लागला. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं चित्रित करून मोजलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. इतकं चालणाऱ्या जिवाला "एका जागी बस" म्हणणं म्हणजे त्याच्या दिवसभराच्या कामावर बंदी घालणं. म्हणून खोलीची मधली जागा पूर्ण मोकळी केली. कडा उचललेली सतरंजी काढली. पलंगाचे कोपरे फोमने झाकले. दारापासून कुंपणापर्यंत सरळ वाट झाली.

आणि या वाटेचा उपयोग थोरलीने शोधला. संध्याकाळी तिने गजांमधून एक टोपली बाहेर सरकवली आणि फर्मान काढलं, "मला लाल ठोकळा आणून दे." रंग त्याला अजून कळत नाही. तो दाराजवळच्या ढिगातून निळा घेऊन आला. ती थोडी थांबली, मग म्हणाली, "बरं, निळा चालेल." तो परत गेला, परत आला. जेवायला हाक मारेपर्यंत हे चाललं होतं. तो आणतो, ती वापरते, त्याचं आणलेलं तिच्या गावात बसतं. या महिन्यात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच घडली, आणि ती आमच्या आराखड्यात कुठेच नव्हती.

२८ जानेवारी

दोघांना सर्दी-ताप. काम बंद. चौघेही मोठ्या पलंगावर.

१ फेब्रुवारी

देण्याघेण्याचा नियम बदलला. आधी "आता त्याला दे, तुझं झालं ना खेळून" चालायचं. म्हणजे वेळ मोठी माणसं ठरवणार, आणि कोण जास्त रडतंय यावर ठरणार. नवा नियम: ज्याच्या हातात आहे त्याचं, तो स्वतः खाली ठेवेपर्यंत. दुसऱ्याने मागायचं, थांबायचं, आणि थांबणं कठीण जात असेल तर आमच्यापैकी एकाने त्याच्याबरोबर थांबायचं. नियम दोघांना सारखा. तिच्या हातातलं त्याने ओढलं तर आम्ही ते परत मिळवून देतो. त्याच्या हातातलं तिने "मी फक्त नीट करून देते" म्हणून घेतलं तरीही.

धाकट्याला "दोन मिनिटांनी" म्हटलेलं काही कळत नाही. "ताईचं झालं की तू" मात्र कळायला लागलं आहे, कारण ताईचं झालेलं त्याला दिसतं.

थोरलीची तक्रार वेगळी: "तो मुद्दाम करतो." दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, दुसऱ्याला चुकीची माहिती असू शकते, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागतं. विमर आणि पेर्नर यांनी १९८३ साली यासाठी एक साधा प्रयोग मांडला: एक मुलगा खाऊ एका कपाटात ठेवून जातो, तो नसताना खाऊ दुसऱ्या कपाटात हलवला जातो, परत आल्यावर तो कुठे शोधेल? लहान मुलं म्हणतात, आत्ता आहे तिथे. थोडी मोठी झाली की म्हणतात, त्याने ठेवला होता तिथे. आमची थोरली नेमकी या उंबरठ्यावर आहे. म्हणजे तिच्याशी याबद्दल बोलण्याची हीच वेळ.

आज तिला जवळ घेऊन विचारलं, "तुझं गाव आहे हे त्याला कुणी सांगितलंय का?"

"मी सांगितलं ना."

"त्याला 'गाव' म्हणजे काय ते कळतं?"

बराच विचार करून म्हणाली, "नाही. त्याला ते ठोकळेच वाटत असतील."

ज्युडी डन आणि कॅरल केन्ड्रिक यांनी इंग्लंडमध्ये केंब्रिज परिसरातल्या ४० कुटुंबांचा दुसऱ्या बाळाच्या जन्माच्या आधीपासून घरी जाऊन अभ्यास केला होता. ज्या घरांत आई मोठ्या मुलाशी बाळाबद्दल, त्याला काय हवं असेल, काय वाटत असेल असं बोलायची, तिथे वर्षभरानंतरही भावंडांचं वागणं एकमेकांशी अधिक मायेचं दिसलं. मला हे पटतं. "लहान आहे तो" या शब्दांनी तिला गप्प करण्याऐवजी तो काय बघतोय हे तिला दाखवलं तर तिच्या हाती काहीतरी येतं.

५ फेब्रुवारी

झोपेची मांडणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसभरात, दुपारची धरून, ११ ते १४ तास झोप हवी; ३ ते ४ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास. वाचताना दोघांत फार फरक वाटत नाही. घरात मात्र फरक मोठा आहे, कारण त्याची दुपारची झोप चांगली दणदणीत असते आणि तिची जवळजवळ सुटली आहे.

झोपेचं शास्त्र बोर्बेली यांनी १९८२ साली दोन भागांत मांडलं: जागं राहू तितका साठत जाणारा झोपेचा दाब, आणि शरीरातल्या घड्याळाची लय. लहान मुलात हा दाब मोठ्यांपेक्षा लवकर साठतो. थोरली सकाळपासून सलग जागी असते, तेव्हा संध्याकाळी तिचाच दाब टोकाला पोचलेला असतो. जेवणाआधीची तिची चिडचिड मी आजवर हट्टात मोजत होते. तिच्यातली बरीचशी झोप आहे. आणि आम्ही झोपवायचो आधी त्याला, तो लहान म्हणून. तो दुपारी उशिरापर्यंत झोपलेला, रात्री अंथरुणात नाचायचा, ती बाहेर पेंगत थांबायची.

नवीन क्रम: त्याला दुपारी लवकर झोपवून लवकर उठवायचं, रात्री दोघांना एकाच वेळी अंथरुणात न्यायचं. गोष्ट एकच, मधली चित्रं त्याच्यासाठी, शब्द तिच्यासाठी. दोन्ही मोठी माणसं खोलीत, निदान पहिला आठवडा.

दिवाही बदलला. अमेरिकेत कोलोरॅडो इथे ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात झोपेआधी तासभर प्रखर उजेड दिल्यावर मेलाटोनिन (शरीराला झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक) जवळपास ८८ टक्क्यांनी उतरलं, आणि उजेड बंद केल्यावर ५० मिनिटांनीही बहुतेकांचं पूर्ववत आलं नाही. तो उजेड घरच्या दिव्यापेक्षा बराच तीव्र होता. तरीही जेवणानंतर छताचा पांढरा दिवा बंद, जमिनीलगतचा मंद पिवळा सुरू.

९ फेब्रुवारी

झोपेचा नवा क्रम बसतोय. थोरली गोष्ट संपायच्या आत झोपते. धाकटा त्यानंतर काही वेळ पाळण्याच्या गजांमधून तिच्याकडे बघत बडबडतो आणि मग झोपतो. एकमेकांना उठवतील ही आमची मोठी भीती होती. एकाच्या रडण्यात दुसरा बहुतेक वेळा तसाच झोपलेला राहतो.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी घरात एकच मोठं माणूस असेल तेव्हा सगळी व्यवस्था डळमळते. हे खोलीने सुटणारं नाही, वेळापत्रकानेच सुटेल. नवऱ्याने आठवड्यातल्या काही संध्याकाळी लवकर यायचं कबूल केलं. तो आला की पहिली दहा मिनिटं एकाने थोरलीबरोबर, फक्त तिच्याबरोबर राहायचं: फोन नाही, कपड्यांच्या घड्या नाहीत, खेळ तिने सांगितलेला. मग तेवढाच वेळ धाकट्याला. दोघांना एकदम अर्धं-अर्धं लक्ष देत तासभर ओढाताण होत होती. त्याऐवजी हे केलं की नंतर ती दोघं आपणहून आपापल्या कामाला लागतात.

१६ फेब्रुवारी

खेळणी कमी केली. टोलेडो विद्यापीठात १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत सोडलं. चारच असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारे खेळली. आमच्या टोपल्या उपसून तीन पेट्या केल्या. एक बाहेर, दोन माळ्यावर, अधूनमधून अदलाबदल. थोरलीने एक अट घातली: तिच्या कापडी सशाची अदलाबदल होणार नाही. मान्य.

आवरायला लागणारा वेळ लगेच कमी झाला. हा फायदा आमचा.

२० फेब्रुवारी

आज थोरलीने स्वतः कडी काढली आणि धाकट्याला आत बोलावलं.

मी दाराआडून बघत होते. आधी तिने मण्यांचा डबा बंद करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग मोठ्या ठोकळ्यांचे दोन मनोरे रचले, एक तिच्या मागे भिंतीशी, एक त्याच्यासमोर. भिंतीशी असलेल्याकडे बोट करून म्हणाली, "हा ठेवायचा." समोरच्याकडे: "हा पाडायचा." त्याने पाडला. तिने टाळ्या वाजवल्या, पुन्हा रचला. तो पाडण्याआधी आता तिच्या तोंडाकडे बघतो, ती "एक, दोन..." म्हणते, आणि तीनला तो हात मारतो. बऱ्याचदा दोनलाच मारतो.

मध्ये एकदा त्याची नजर भिंतीकडच्या मनोऱ्यावर गेली. ती ओरडली नाही. पटकन समोरचा आणखी उंच केला. त्याचं लक्ष परत आलं.

त्याच्या पाडण्यालाच तिने खेळात जागा दिली. आम्ही कुंपण, पट्ट्या, चौकी करून दोघांना शांतपणे वेगळं ठेवण्याची सोय केली होती. ती सोय होती म्हणूनच तिला त्याला आत घ्यावंसं वाटलं असेल. आपलं काम सुरक्षित आहे याची खात्री असलेल्या माणसालाच दार उघडता येतं. दार उघडायचं की नाही हे तिने ठरवावं, हा नियम आज पक्का केला. तिने "आज नाही" म्हटलं तर ते "नाही" आम्ही दोघांनी सांभाळायचं.

२६ फेब्रुवारी

चावला. ठेवायच्या मनोऱ्यापासून तिने त्याला मागे ओढलं आणि तो तिच्या दंडाला कडकडून चावला. वळ उमटले, कातडी फाटली नाही. आधी तिला घेतलं, थंड पाण्याची घडी ठेवली. मग त्याला, शांत आणि थोडक्यात: "चावायचं नाही. ताईला दुखतं." या वयात लांब भाषण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याचे सुळे येताहेत (१६ ते २२ महिन्यांचा काळ त्यांचा), मोजके शब्द आहेत आणि राग मात्र पूर्ण वाढलेला आहे. "थांब" आणि "नको" हे दोन शब्द हाताच्या खुणेसकट शिकवायला घेतले. थोरलीला सांगितलं, त्याला ओढायचं नाही, आम्हाला हाक मारायची; हाक मारली की आम्ही येणार, "तुमचं तुम्ही बघा" म्हणणार नाही.

हे पाळायचं तर हाकेच्या अंतरावर कुणीतरी असायलाच हवं. संध्याकाळची भाजी निवडणं, घड्या घालणं आता खोलीच्या दाराशी बसून.

४ मार्च

आजवरची स्थिती. कुंपण टिकलं आहे, पण दार दिवसातून कितीतरी वेळा उघडं असतं. चिकटपट्टी झिजली, नवी लावली नाही. कुठपर्यंत मांडायचं ते थोरलीला आता पट्टीशिवाय कळतं. चकत्यांच्या डब्यातला त्याचा रस ओसरला, झाकणं फिरवण्यात वाढला, म्हणून चौकीवर वेगवेगळ्या आटेदार झाकणांचे रिकामे डबे ठेवले. "तू मोठी आहेस ना" अजून अधूनमधून तोंडून निघतं, पाहुण्यांच्या तर हमखास. ते निघालं की नवरा किंवा मी वाक्य तिथेच बदलून घेतो: "तुझं काम चालू आहे, मी त्याला बघते."

राहिलेली कामं. धाकट्याने काल पाळण्याच्या कठड्यावर पाय टाकून पाहिला. उंची ८९ सेंमीला पोचली किंवा कठडा त्याच्या उंचीच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी पडू लागला की पाळणा सोडायचा असतो; कठडा अजून पुरतो, पण पाय टाकणारं मूल आकड्यांसाठी थांबणार नाही. या आठवड्यात जमिनीवर गादी. त्याआधी रात्री तो एकटा खोलीत फिरेल असं धरून प्लगांची झाकणं, कपाटाच्या पट्ट्या आणि दाराची फट पुन्हा तपासायची. मण्यांचा डबा रात्री खोलीबाहेर. थोरलीला नळी घेऊन पलंगाखालची फेरी मारायला सांगितलं आहे. तिने विचारलं, तो बरोबर आला तर चालेल का. नळी तो धरेल.